घंटी मुकी, निरोप मात्र साठलेले

"फोन वाजतच नाही, थेट व्हॉइसमेलला जातो." इंटरनेटवरच्या घरगुती फोनची तक्रार बहुतेक वेळा याच वाक्यात येते. त्यामागे निदान सहा-सात वेगवेगळे बिघाड असू शकतात, आणि त्यांतले निम्मे फोनमध्ये नसतातच. तरी लोक आधी फोन बदलतात, मग वायर बदलतात, शेवटी कस्टमर केअरला फोन लावून अर्धा तास गाणी ऐकतात. हे सगळं करण्याआधी कॉल नेमका कुठपर्यंत येऊन थांबतो, एवढंच शोधून काढायचं असतं.

असे फोन दोन प्रकारचे. पहिला महाराष्ट्रातल्या घराघरांत आहे: फायबरचं कनेक्शन घेतलं, त्याच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, मागे 'टेल', 'पॉट्स' किंवा 'फोन' असं लिहिलेलं छोटं भोक असतं, त्यात साधा लँडलाइन फोन खोचला. दुसरा प्रकार अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांत जास्त दिसतो: राउटरला जोडलेला एटीए नावाचा, इंटरनेटवरचा कॉल साध्या फोनला कळेल असा करणारा छोटा डबा, ग्रँडस्ट्रीम, ऊमा, मॅजिकजॅक यांपैकी कुठलातरी, आणि त्याला कॉर्डलेस फोन. आतली यंत्रणा दोन्हींत सारखीच. फरक इतकाच, की पहिल्यात सेटिंगच्या चाव्या कंपनीकडे असतात, दुसऱ्यात बऱ्याचशा आपल्याकडे.

आधी डब्याकडे बघा, फोनकडे नंतर

येणारा कॉल तीन टप्पे ओलांडतो. फोन करणाऱ्यापासून तुमच्या सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत, सर्व्हरपासून घरातल्या डब्यापर्यंत, आणि डब्यापासून दोन तारांवरून फोनच्या घंटीपर्यंत. मोबाइलवरून घरचा नंबर लावा आणि दुसऱ्या कुणालातरी डब्यासमोर उभं करा. फोनचा दिवा लुकलुकायला लागला आणि तरी घंटी वाजली नाही, तर दोष तिसऱ्या टप्प्यात: वायर किंवा फोन. दिवा हललाच नाही, तर फोन उघडून बसण्यात अर्थ नाही, कॉल बहुधा डब्यापर्यंत आलेलाच नाही. दिव्याची भाषा मात्र मॉडेलनुसार बदलते. काहींत स्थिर दिवा म्हणजे नंबर नोंदलेला आहे, काहींत स्थिर दिवा म्हणजे रिसीव्हर उचललेला आहे. फोन नीट चालू असतानाच एकदा हे बघून डब्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं बरं.

"मला चार वेळा रिंग ऐकू आली, मग व्हॉइसमेल लागला" हे फोन करणाऱ्याचं म्हणणं पुरावा म्हणून धरू नका. त्याच्या कानात वाजणारा ट्रिंग-ट्रिंग आवाज तुमच्या घंटीचा नसतो. तो नेटवर्क तयार करतं किंवा त्याचा स्वतःचा फोन, आणि तुमच्याकडे पूर्ण शांतता असतानाही तो वाजू शकतो. शिवाय रिंगचं मोजमाप देशागणिक वेगळं. भारतात ०.४ सेकंद आवाज, ०.२ थांबा, पुन्हा ०.४ आवाज आणि २ सेकंद शांतता, म्हणजे ३ सेकंदांचं एक आवर्तन. अमेरिकेत २ सेकंद आवाज आणि ४ सेकंद शांतता, म्हणजे ६ सेकंदांचं. २४ सेकंदांत इथे आठ जोड-रिंगा होतात, तिथे चार. म्हणून तक्रार नोंदवताना रिंगा सांगू नका, सेकंद सांगा.

दोन तारांची गोष्ट

दिवा लुकलुकतोय आणि घंटी गप्प आहे, असं असेल तर सगळ्यात आधी फोनच्या कडेला किंवा खाली असलेली घंटीची कळ बघा. हाय, लो, ऑफ अशी तीन स्थानं असतात आणि पुसायला घेतलेल्या फडक्यानं ती सरकते. हे वाचून हसू येईल, पण लाइनमनला बोलावून झाल्यावर सापडणारं कारण बऱ्याचदा हेच असतं. कॉर्डलेसमध्ये बेस आणि हँडसेट यांचा आवाज स्वतंत्रपणे बंद करता येतो, शिवाय रात्रीसाठी 'नाइट मोड' वेगळा असतो. त्यातलं घड्याळ बारा तासांनी चुकलेलं असेल, तर फोन दिवसा मुका आणि रात्री बोलका होतो.

कळ ठीक असेल तर घरातली सगळी वायरिंग बाजूला ठेवा. एक साधा, वायरचा, पॉवर न लागणारा फोन घ्या आणि त्याच्याच छोट्या वायरनं थेट डब्याला लावा. तो वाजला तर डबा निर्दोष. आता शोध घरातल्या तारांत.

इथे महाराष्ट्रातल्या जुन्या घरांचा एक खास घोटाळा आहे. तांब्याची लाइन काढून फायबर आलं, पण भिंतीतली जुनी वायर आणि रोझेट (भिंतीवरची फोनची जोडपेटी) तसेच राहिले. स्वयंपाकघरातला नि वरच्या मजल्यावरचा पॅरलल फोन चालू राहावा म्हणून कुणीतरी डब्याची वायर त्याच रोझेटला जोडून देतं. कल्पना चांगली, पण रोझेटमधून बाहेर जाणारी तारांची जुनी जोडी अजून डीपी बॉक्सपर्यंत (आसपासच्या घरांच्या तारा एकत्र येतात ती बाहेरची पेटी), कधी त्याही पुढे खांबापर्यंत जोडलेलीच असते. मग आपला छोटासा डबा घरातल्या तीन फोनांबरोबर बाहेरची शे-दोनशे मीटर ओली वायरही चालवत बसतो. आणि त्या जोडीवर एक्स्चेंजचा विद्युतदाब अजून येत असेल, तर डब्याचं फोनचं पोर्ट कायमचं जळू शकतं. बाहेरची जोडी रोझेटवर किंवा घरात शिरते त्या ठिकाणी दोन्ही तारांनी तोडून, टोकं वेगवेगळी टेप लावून बंद केल्याशिवाय घरची वायरिंग डब्याला जोडू नये.

जोडण्याआधी दहा मिनिटं मल्टीमीटरला द्या. डबा न जोडता रोझेटच्या दोन तारांवर डीसी दाब मोजा; तो शून्य हवा. मग सगळे फोन काढून त्याच दोन तारांमधला रोध मोजा. काटा हलता कामा नये. काही किलोओहम दिसले तर कुठेतरी ओल आहे किंवा जोड गंजलाय. त्यानंतर डबा जोडा. सगळे रिसीव्हर खाली असताना साधारण ४० ते ५२ व्होल्ट डीसी दिसेल, एक रिसीव्हर उचलला की ६ ते १२ वर घसरेल. सगळे खाली असूनही दाब आधीच दहाच्या आसपास असेल, तर कुठलातरी फोन नीट ठेवलेला नाही किंवा तारांमधून गळती आहे. अशा वेळी डब्याला लाइन 'बिझी' वाटते आणि येणारा प्रत्येक कॉल परस्पर व्हॉइसमेलकडे जातो. मोजताना उघडी तार बोटात धरू नका. तेवढ्यात कुणाचा फोन आला तर घंटीचा एसी दाब सणसणीत झटका देतो.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनपासून सुरू होणारी एक तक्रार यातच बसते: फोन अर्धी घंटी वाजून गप्प, आणि पलीकडच्याला मात्र "कुणीतरी उचलला पण बोलत नाही" असं वाटतं. रिसीव्हर उचलला की तारांतून डीसी प्रवाह वाहायला लागतो, आणि त्यावरूनच डबा ओळखतो की फोन उचलला. ओल्या रोझेटमधून होणारी गळती पुरेशी झाली, की घंटी चालू असतानाच डब्याला तसंच वाटतं आणि तो कॉल घेऊन टाकतो. याला सेटिंग नाही. रोझेट उघडा, हिरवट पडलेले स्क्रू घासा किंवा बदला, आणि तो खिडकीच्या चौकटीवरून हलवा. तांब्याच्या लाइनवरच्या जुन्या इंटरनेटचा, म्हणजे एडीएसएलचा, स्प्लिटर अजून मध्ये लटकत असेल तर तोही काढून टाका. आता त्याचं काही काम नाही.

घंटी वाजते पण क्षीण, गळा बसल्यासारखी? तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंज घंटीसाठी सुमारे ७५ व्होल्ट एसी, २५ हर्ट्झवर पाठवायचं, आणि मैलभर लांबचे फोन त्यावर वाजायचे. डब्यातला छोटा वीजपुरवठा त्याहून कमी देतो. फोनांचा भार 'आरईएन' या एककात मोजतात. जुना, खऱ्या पितळी घंटीचा फोन म्हणजे साधारण १. आजचे इलेक्ट्रॉनिक फोन त्याच्या एक दशांशापासून निम्म्यापर्यंत. डब्याची क्षमता बहुधा २ ते ५ असते आणि लांब वायरीनं ती आणखी घटते. आजोबांचा काळा फोन हौसेनं जोडला असेल तर बाकीचे एकदोन काढून बघा. बऱ्याच एटीएत घंटीची वारंवारता २० की २५ हर्ट्झ हे निवडता येतं. कारखान्यातून तो बहुधा २० वर येतो, आणि भारतातल्या जुन्या घंट्या २५ ला खुलतात.

वॉचमनचा विसरभोळेपणा

आता दुसरा टप्पा, सर्व्हरपासून डब्यापर्यंतचा, जिथे खरी डोकेदुखी आहे. लक्षण ओळखीचं: घरून बाहेर फोन लागतो, बोलणं स्वच्छ, पण येणारे कॉल येत नाहीत. आणि गंमत म्हणजे बाहेर एक फोन केला की पुढची दोन-चार मिनिटं येणारे कॉलही वाजतात. मग पुन्हा सामसूम. एवढं वर्णन जुळलं, की बाकी काही तपासण्याची गरज नाही. राउटर डब्याकडे येणारी वाट बंद करतोय.

राउटर सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो. आतल्या माणसानं कुणाला बोलावलं असेल तरच बाहेरच्याला सोडतो, आणि ते बोलावणं थोडाच वेळ लक्षात ठेवतो. फोनची निरोपानिरोपी बहुधा यूडीपीवर, म्हणजे पोच न मागता निरोप धाडण्याच्या पद्धतीवर, चालते. यूडीपीची नोंद निदान २ मिनिटं ठेवावी आणि शक्यतो ५ मिनिटं किंवा जास्त, असं आरएफसी ४७८७ हा इंटरनेटच्या नियमांचा २००७ सालचा दस्तऐवज सांगतो, पण घरगुती राउटर ३० सेकंदांतही विसरतात. इकडे एटीए आपला पत्ता सर्व्हरला कळवतो, म्हणजे नोंदणी करतो, तो मूळ सेटिंगनुसार तासातून एकदा. मधल्या वेळात आलेला कॉल वॉचमनपाशी अडतो, सर्व्हर थोडा वेळ वाट बघतो आणि फोन करणाऱ्याला व्हॉइसमेलच्या हवाली करतो. एटीएच्या पानावर 'रजिस्टर्ड' असं हिरव्या अक्षरांत दिसत असतं, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तो नोंदलेलाच आहे. म्हणून एटीएवर विश्वास न ठेवता कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या खात्यात लॉगिन करून तिथे काय दिसतं ते बघायचं.

इलाज दोन आकड्यांत आहे. 'कीप-अलाइव्ह' (वॉचमननं विसरू नये म्हणून अधूनमधून धाडलेली रिकामी हाक) चालू करून २० ते ३० सेकंदांवर ठेवा, आणि नोंदणीची मुदत ६० मिनिटांवरून ५ वर आणा. ग्रँडस्ट्रीमच्या छोट्या एटीएत शिरायला त्याचा आयपी पत्ता लागतो. जोडलेल्या फोनवरून तीनदा * दाबा, आवाज आला की ०२ दाबा, तो पत्ता वाचून दाखवतो. तो ब्राउझरमध्ये टाकला की सगळं उघडतं.

याच टप्प्यातला दुसरा आरोपी 'एसआयपी एएलजी'. एसआयपी म्हणजे इंटरनेट फोनची कॉल जोडण्याची भाषा. राउटर बनवणाऱ्यांनी मदत म्हणून घातलेली ही सोय फोनच्या निरोपांत हात घालून पत्ते बदलते आणि अनेकदा चुकीचे बदलते. राउटरच्या सेटिंगमध्ये ती 'फायरवॉल', 'नॅट' किंवा 'अ‍ॅडव्हान्स्ड' यांपैकी कुठेतरी लपलेली असते. बंद करून राउटर रीस्टार्ट करा. काही राउटरांत ती बंद करायची चौकटच नसते. तिथे कंपनी परवानगी देत असेल तर ५०६० या नेहमीच्या पोर्टऐवजी (निरोप ज्या नंबराच्या दारानं जातात ते) दुसऱ्या पोर्टवर जा, किंवा टीएलएस हे निरोपांचं कुलूप वापरा. निरोप कुलूपबंद असला की एएलजीला तो वाचताच येत नाही. मात्र कीप-अलाइव्ह, स्टन (आपला बाहेरचा पत्ता विचारून घेण्याची सोय), एएलजी, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरचं दार कायम एटीएकडे उघडं ठेवणं) असं सगळं एकदम चालू करू नका. दोन उपाय एकमेकांचे पत्ते पुसतात आणि मग एका बाजूचा आवाज गायब होतो.

भारतातल्या फायबर फोनला हा भाग सहसा लागू नाही. कंपनीच्या ओएनटीत आवाजासाठी वेगळी आतली वाट असते, तुमच्या वायफायच्या सेटिंगचा तिच्याशी संबंध नसतो. म्हणूनच बाजारातून आपला ओएनटी आणून लावला की इंटरनेट मिळतं आणि फोन मरतो: त्या वाटेची माहिती नव्या डब्यात कुणी भरलेलीच नसते. आणि म्हणूनच फोन वाजत नसेल तर ओएनटीचं फॅक्टरी रीसेटचं बटण टाचणीनं दाबणं हा शेवटचा नव्हे, तर वर्ज्य उपाय समजावा. काही डब्यांत ती माहिती रीसेटनंतर आपोआप परत येते, काहींत माणूस येऊन भरावी लागते.

वीज गेली-आली की कॉल अर्धा-एक तास येत नाहीत, हा एटीएवाल्यांच्या नोंदणीच्या दुखण्याचा भाऊबंद. पीपीपीओई, म्हणजे दरवेळी लॉगिन करून जुळणाऱ्या, कनेक्शनवर लाइन पुन्हा जुळताना बाहेरचा आयपी पत्ता बदलतो, सर्व्हर मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो, एटीएची पुढची नोंदणी होईपर्यंत. मुदत ५ मिनिटं केली असेल तर त्रासही ५ मिनिटांचाच. रीस्टार्टचा क्रमही पाळा: आधी ओएनटी, इंटरनेटचा दिवा लागला की राउटर, त्यानंतर दोन मिनिटांनी एटीए.

व्हॉइसमेल आधी उचलतो तेव्हा

व्हॉइसमेल म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर बसलेला एक उतावळा शेजारी. ठरलेले सेकंद झाले की तो फोन घेतो. २० सेकंदांची मुदत असेल तर अमेरिकन घंटीत चौथी रिंग जेमतेम सुरू होते, आणि घरातल्या वयस्कर माणसाला खुर्चीतून उठून फोनपर्यंत पोचायला तेवढा वेळ पुरत नाही. ती ३५ ते ४० सेकंदांवर न्या. फोनच्या बेसमध्येच निरोपयंत्र असेल तर दोघांची शर्यत लागते: बेस 'चार रिंगांनंतर' वर ठेवला आणि सर्व्हर २० सेकंदांवर, तर एक निरोप इथे, दुसरा तिथे सापडतो. दोघांपैकी एक बंद करा.

भारतात लँडलाइनला व्हॉइसमेल क्वचितच असतो, आणि लँडलाइन न उचलल्यास ६० सेकंद वाजत राहावी, मोबाइल ३० सेकंद, असं दूरसंचार नियामक ट्रायनं नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं. इथे निरोप हवे असतील तर बेसमधलं निरोपयंत्रच कामाचं. लँडलाइनवरचे कॉल मोबाइलकडे वळवणार असाल तर मोबाइल नंबराआधी ० घालायला विसरू नका. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायला तो सक्तीचा आहे, आणि जुन्या सवयीनं दहाच आकडे भरलेलं फॉरवर्डिंग मुकाट्यानं अपयशी ठरतं.

घंटी अजिबात न वाजता थेट व्हॉइसमेल, आणि नोंदणी मात्र ठीक, तर फॉरवर्डिंग आणि 'डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे डीएनडी, बघा. ते दोन ठिकाणी असतं आणि लोक एकच ठिकाण तपासतात. उत्तर अमेरिकेत *७८ नं डीएनडी लागतो, *७९ नं निघतो. *७२ नं फॉरवर्ड, *७३ नं रद्द. पण बऱ्याच एटीएत हेच कोड डबा स्वतः गिळतो, सर्व्हरपर्यंत जाऊच देत नाही. म्हणजे वेबसाइटवर सगळं स्वच्छ दिसतं आणि डीएनडी एटीएच्या पोटात लागलेला असतो. मुलानं फोनशी खेळताना *७८ दाबलं तरी पुरतं. रिसीव्हर उचलून *७९ आणि *७३ दोन्ही फिरवा, मग वेबसाइटवरही बघा. हे कोड एटीएनं न पकडता सर्व्हरकडे जावेत असं हवं असेल तर एटीएतली 'कॉल फीचर्स' बंद करायची सोय आहे.

एक घंटी वाजून थांबते त्याची कारणं निराळी. घर आणि मोबाइल एकाच वेळी वाजावेत अशी सोय केलेली असेल आणि मोबाइल बंद किंवा रेंजबाहेर असेल, तर मोबाइलचा व्हॉइसमेल तत्क्षणी 'उचलतो' आणि सर्व्हरच्या मते कॉल घेतला गेला. घरचा फोन एक ठोका देऊन गप्प. निरोप घरच्या पेटीत नाही, मोबाइलच्या पेटीत सापडतो, आणि हीच ओळखीची खूण. उपाय: मोबाइलची शाखा दहा सेकंद उशिरा वाजू द्या, किंवा "घेण्यासाठी १ दाबा" ही अट लावा. बऱ्याच जीएसएम मोबाइलवर ##००२# फिरवून सगळे वळसे काढूनही टाकता येतात, पण मग मोबाइलचा व्हॉइसमेलही जातो. दुसरं कारण नोमोरोबोसारखी नको त्या कॉलांना अडवणारी सेवा. ती स्वतः एका समांतर शाखेवर बसून पहिल्या घंटीतच नंबर तपासते आणि शंका आली की कॉल उचलून टाकते. एका घंटीनंतर थांबलेले कॉल तिथे बिघाड नाहीत, तिचं कामच ते आहे.

भारतातून केलेला आईबाबांचा फोन न्यू जर्सीत वाजतच नाही, याचं मूळ बऱ्याचदा याच अडवणुकीत असतं. आंतरराष्ट्रीय कॉलबरोबर नंबर कधी कोरा येतो, कधी अर्धवट. 'अनामिक कॉल नाकारा' ही सोय लागलेली असेल, उत्तर अमेरिकेत तिचा कोड *७७, तर असे कॉल दारातूनच परत जातात. *८७ नं ती काढा, किंवा निदान +९१ ला सूट द्या. आणि रात्रीचा ठरावीक वेळेचा डीएनडी लावताना हिशोब करा: भारत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. व्हॉइसमेलनं उचललं की फोन करणाऱ्याला कॉल जोडला गेल्याचे पैसे पडतात, निरोप ठेवला नाही तरी. दोन सेकंदांचे रिकामे निरोप साठण्यामागे हे एक कारण. तीन सेकंदांपेक्षा लहान निरोप टाकून द्या, अशी सोय बऱ्याच सेवांत असते.

आणखी एक चोरवाट: तेच खातं मोबाइलच्या अ‍ॅपमध्येही टाकलेलं. काही सेवा एका खात्याला एकच पत्ता मानतात, शेवटी नोंदलेला. मग अ‍ॅप उघडलं की घरचा फोन बहिरा. अ‍ॅपसाठी उपखातं वेगळं काढून दोन्ही एका गटात वाजवा.

दिवा, तुटक टोन आणि पिन

रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन अडखळत येतो, तो लाइन खराब झाल्याची खूण नाही. पेटीत न ऐकलेला निरोप आहे असं तो सांगतो. बरेच लोक इथे लाइनमनला बोलावतात. निरोप ऐकूनही टोन तुटकच राहिला किंवा दिवा विझत नसेल, तर सर्व्हरची "पेटी रिकामी" ही सूचना वाटेत हरवली. पेटीत स्वतःच एक निरोप ठेवा, ऐका, पुसा. नवी सूचना निघते आणि दिवा विझतो. उलट निरोप असून दिवा लागतच नसेल, तर एटीएत 'एमडब्ल्यूआय' (निरोप आल्याची सूचना) साठी 'सबस्क्राइब' हा पर्याय चालू करा. ग्रँडस्ट्रीममध्ये तो मुळात बंद असतो. आणि निरोप ईमेलनं पाठवून पेटीतून पुसायचा पर्याय निवडला असेल तर दिवा कधीच लागणार नाही, पेटी कायम रिकामीच.

पेटीसाठी नंबर फिरवला, पिन दाबला आणि बाई म्हणते "चुकीचा पिन", तर पिन बहुधा बरोबरच असतो. आकड्यांचे सूर नीट पोचत नाहीत. एटीएत डीटीएमएफ (आकड्यांचे सूर) 'आरएफसी २८३३' वर, म्हणजे आवाजापासून वेगळे पाठवण्यावर, ठेवा आणि 'इन-बँड' (आवाजातच मिसळून पाठवणं) काढा. दोन्ही चालू असले तर प्रत्येक आकडा दोनदा पोचतो. जी.७२९ सारख्या, आवाज दाबून लहान करणाऱ्या कोडेकवर (आवाज पाठवण्याच्या पद्धतीवर) इन-बँड सूर चुरगळतात, जी.७११ ठेवा, एका कॉलला दोन्ही दिशांना प्रत्येकी जेमतेम ९० केबीपीएस लागतात, आजच्या फायबरवर ते नगण्य. आणि हे सगळं करण्याआधी फोनच्या कडेची टोन-पल्सची कळ बघा. ती 'पी' वर असेल तर आकडा दाबल्यावर सूर नाही, टकटक ऐकू येते, आणि व्हॉइसमेलला ती कळत नाही.

निरोपाचा आवाज तुटक असेल तर तो दोन ठिकाणी ऐका. निरोप कंपनीच्या सर्व्हरवर ध्वनिमुद्रित होतो, तुमच्या घरी नव्हे. ईमेलनं आलेली फाइल मोबाइलवर ऐकतानाही तुटक वाटली, तर दोष फोन करणाऱ्याच्या बाजूचा, तुमच्या नेटला बोल लावू नका. फाइल स्वच्छ आणि घरच्या फोनवरच तुटक, तर तुमचा राउटर किंवा कॉर्डलेस. भारतात विकले गेलेले बरेच कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायच्याच पट्ट्यात. बेस राउटरपासून दोन मीटर तरी लांब ठेवा.

मध्यरात्रीची भुताटकी

रात्री दोन वाजता फोन वाजतो, स्क्रीनवर नंबर म्हणून १००, १००१ असं काहीतरी, उचलल्यावर शांतता. कंपनीच्या यादीत त्या कॉलची नोंद नाही. कारण तो कॉल कंपनीकडून आलेलाच नसतो. इंटरनेटवर ५०६० पोर्ट उघडं असलेले डबे शोधत फिरणारी यंत्रं थेट एटीएचं दार वाजवतात, कुठून फुकट कॉल करता येतात का ते चाचपायला. राउटरमधलं ५०६० चं पोर्ट फॉरवर्डिंग आणि डीएमझेड (एका डब्याला बाहेरची सगळी दारं उघडी करणारी सोय) काढून टाका, एटीएत 'फक्त प्रॉक्सीकडून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरकडून, आलेले कॉल घ्या' हा पर्याय लावा, आणि स्थानिक पोर्ट यादृच्छिक ठेवा. त्याच रात्रीपासून झोप लागते. एटीएचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल तर तोही आताच बदला, आणि पेटीचा पिन १२३४ नको.

राहता राहिली वीज. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचा आधार होता, गावभर अंधार असताना फोन वाजायचा. फायबरचा फोन लोडशेडिंगमध्ये मरतो, घरी इन्व्हर्टर असला तरी डब्याचा प्लग बहुधा त्याच्या सर्किटवर नसतो. ओएनटी आणि बहुतेक एटीए-राउटर १२ किंवा ५ व्होल्ट डीसीवर चालतात. अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा वाचून त्याच मापाचा छोटा डीसी यूपीएस घ्या, पिनचा आकार आणि धन-ऋण जुळवून. कॉर्डलेसचा बेस त्यावर लावून भागत नाही, त्याचं अ‍ॅडॉप्टर वेगळ्या दाबाचं असतं. त्यापेक्षा वायरचा एक साधा फोन त्याच लाइनवर कायम लावून ठेवा. घंटीसाठी त्याला डब्याशिवाय दुसरी वीज लागत नाही.